‘किलुआच पाहिजे’ : मारामारीच्या अ‍ॅनिमेतली दोस्ती आणि आपण

गेल्या पावसाळ्यात पाय मोडून घरी बसले होते, तेव्हा भाच्याने ‘हंटर × हंटर’ हे अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, लावून दिलं. (मधली फुली उच्चारायची नाही, नुसतं ‘हंटर हंटर’ म्हणायचं, हे त्याने मला तीनदा सांगितलं.) योशिहिरो तोगाशीची मांगा (जपानी चित्रकथा) १९९८ पासूनची, ‘शोनेन जंप’ या पोरांच्या साप्ताहिकातली. मी बघितली ती मॅडहाउस स्टुडिओची २०११ ते २०१४ मधली मालिका, १४८ भागांची. जंपचं जुनं ब्रीदच आहे : दोस्ती, मेहनत, विजय. मला वाटलं, गुद्दे, आरडाओरडा आणि मग आणखी मोठे गुद्दे. सत्तराव्या भागाच्या आसपास मी प्लास्टरमधला पाय विसरून उठायला गेले.

प्रसंग असा. ग्रीड आयलंड नावाच्या खेळात डॉजबॉलचा सामना चाललाय. समोर रेझर नावाचा धिप्पाड गडी. गॉन हे बारा-तेरा वर्षांचं पोरगं चेंडूवर जीव खाऊन ठोसा मारणार, आणि तो चेंडू कोणीतरी दोन्ही हातांत धरून उभं राहायचं. धरतो किलुआ. फटका चेंडूला, पण हादरा धरणाऱ्याच्या हातांना. या गोष्टीतले लढवय्ये अंगातल्या शक्तीचं कवच करून स्वतःला वाचवतात. किलुआ हातांवर तेही ठेवत नाही, कारण त्याने गॉनच्या फटक्याचा जोर कमी होईल. हात सोलवटून सुजतात आणि तो ते लपवतो. चेंडू दुसऱ्या कोणी धरावा असं निघतं, तेव्हा गॉन म्हणतो, नाही, किलुआच पाहिजे. त्या वेळचा किलुआचा चेहरा बघा. सामना कोण जिंकलं ते मला नंतर भाच्याला विचारावं लागलं.

मला आठवली फुगडी. आमच्या गल्लीत माझी जोडीदारीण ठरलेली होती. हातांची फुली करून, मागे रेलून आम्ही जेवढ्या वेगाने फिरायचो तेवढं कोणी फिरत नसे, कारण दोघींपैकी कोणी सोडणार नाही हे पक्कं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला तिच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिने विचारलंही नाही, सरळ माझ्यासमोर येऊन हात पुढे केले. गिरकीत दोन बांगड्या फुटल्या आणि काच माझ्या मनगटात गेली. मी हात सोडला नाही. नंतर पदराखाली मनगट धरून मटकीची उसळ वाढत फिरले. हे काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं. आज ५३ व्या वर्षी अंदाज आहे, पण कोणाला सांगितलेला नाही. इथे सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

तर, खाली प्रतिक्रियांत टोपणनावाने लिहा. मारामारीच्या कुठल्या अ‍ॅनिमेत तुम्हाला तुमचं असं काही दिसलं? गॉन-किलुआ लहान पोरं आहेत, तेव्हा भलतंसलतं नको. पहिली ओढ, ती बोलता न येणं आणि लढाईच्या निमित्ताने एकमेकांना धरता येणं, एवढंच. गोष्टी फुटणार आहेत, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

पेनड्राइव्ह

आमचं ‘नारुतो’. हॉस्टेलचा अख्खा मजला एका पेनड्राइव्हवर जगायचा. तिसऱ्या भागात एका पोराचा धक्का लागतो आणि नारुतो आणि सासुके या दोन पोरांचे ओठ एकमेकांवर आपटतात. खोलीत उशा उडाल्या, ‘ईईई’ झालं. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. का ते माझं मला माहीत होतं.

मग सातशेच्या वर भाग. एक पळतोय, दुसरा त्याला परत आणायला आयुष्य घालवतोय. शेवटच्या लढाईत नारुतोचा उजवा हात जातो, सासुकेचा डावा, आणि दोघं रक्ताच्या थारोळ्यात शेजारी शेजारी पडून बोलत राहतात. तोवर आम्ही फायनल इयरला आलो होतो. त्या रात्री कोणी काही फेकलं नाही. बऱ्याच वेळाने एकजण म्हणाला, ‘पंखा वाढव रे.’

लाल माती

मी हंटर बघितलेलं नाही. माझं म्हणजे ‘आशिता नो जो’. मांगा १९६८ ते १९७३, टीव्हीवर १९७० साली आलं. चित्रं जुनाट, पण बॉक्सिंग खरं. जो नावाचा उनाड पोरगा आणि त्याची जोड रिकिइशी. रिकिइशी वरच्या वजनातला. जोशी लढायचं तर खाली बँटमवेटला उतरायला लागतं, म्हणून तो जेवण तोडतो, मग पाणी तोडतो. एका रात्री वेडापिसा होऊन नळ शोधत धावतो, तर नळ तारेने आवळलेले. योको नावाची मुलगी त्याला कोमट पाणी आणून देते. तो ते जमिनीवर ओततो.

लोक म्हणतात हे अतीच दाखवलंय. वजन उतरवणं काय असतं ते तालमीतल्या पोराला विचारा. दोन स्वेटरवर रेनकोट घालून पळायचं, लिंबाची फोड चोखून थुंकून टाकायची, रात्री झोप लागत नाही, नुसता घागरीचा आवाज कानात. मी ६५ चा गडी, त्या वर्षी ६१ ला उतरलो. वस्ताद ओरडत होते, गाढवा, वर खेळ, अंगात ताकद हाय तुझ्या. मी म्हटलं खाली सोपं जाईल. खोटं बोललो. ६१ ला तो होता, दुसऱ्या तालमीचा.

हरलो. गुणांवर. पण मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, दोन डाव. सहा मिनिटं त्याला धरता येतं आणि लोक टाळ्या वाजवतात.

रिकिइशी त्या लढतीनंतर मरतो. मार्च १९७० मध्ये जपानात त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला, कोदान्शा प्रकाशनाच्या इमारतीत, शुजी तेरायामा या कवी-नाटककाराने घडवून आणलेला. कागदावरच्या माणसासाठी ७०० च्या आसपास लोक आले होते. मला त्यात काही नवल वाटत नाही. इकडे जोला पुढे किती तरी दिवस समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारता येत नाही. हात जातच नाही.

सरळ रेघ

स्पष्ट लिहितो, राग नसावा. प्रत्येक दोस्तीत हे शोधायलाच पाहिजे का? माझा एक जिवलग मित्र आहे, तीस वर्षांपासूनचा. एका ताटात जेवलोय, एका पांघरुणात झोपलोय, त्याची आई गेली तेव्हा तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आम्हा दोघांनाही बायका-मुलं आहेत. असले लेख वाचून आता त्याच्या खांद्यावर हात टाकताना विचार करावा लागतो. गॉन-किलुआ मित्र आहेत, गोष्टीतही ते एकमेकांना मित्रच म्हणतात, विषय संपला. पुरुषांना आधीच धड रडता येत नाही, त्यात हे.

अर्धा कटिंग

काका, तुमच्या मैत्रीला कोणी हात लावलेला नाही. आणि खांद्यावर हात टाकताना तुम्हाला आता विचार करावा लागतो, आम्ही तो चौथीपासून करतोय.

माझं लिहितो. किलुआच्या डोक्यात त्याच्या थोरल्या भावाने, इलुमीने, एक सुई घालून ठेवलेली असते. समोरचा आपल्यापेक्षा भारी वाटला की पळ, एवढंच ती सांगते. किलुआला वाटतं हा आपला स्वभावच. एका लढाईत हे त्याच्या लक्षात येतं आणि तो स्वतःच्या बोटांनी कपाळातून ती उपसून काढतो. मी तो भाग दादा शेजारी बसलेला असताना बघितला. दादानेच मला सातवीत असताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘एवढा काय चिकटतोस रे त्याला?’ त्याला आठवतही नसेल. तो वेफर्स खात होता.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. शत्रूच्या, म्हणजे मुंग्यांच्या राजाच्या, राजवाड्यात गॉन सुडाने पेटून बसलेला असतो. किलुआ त्याला शांत करायला जातो, तर गॉन म्हणतो, तुझं बरंय, तू शांत राहू शकतोस, तुझा काय संबंध. बस. किलुआ काही बोलत नाही. माझ्या मित्राचे वडील दवाखान्यात होते, तेव्हा अकरा रात्री मी कॉरिडॉरमध्ये त्याच्यासोबत काढल्या. बाराव्या दिवशी कशावरून तरी तो भडकला आणि म्हणाला, ‘तुझं काय जातंय, तुझा बाप थोडाच आहे.’ माझ्या हातात थर्मास होता. मी दोन कप चहा ओतला, एक त्याला दिला. तो चुकीचं बोलला नव्हता. माझा संबंध काय, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

सरळ रेघ

@अर्धा कटिंग, चौथीपासूनचं कळलं. माझं मत तेच आहे, पण ते खांद्यावरच्या हाताचं वाक्य मागे घेतो.

आले-गेले

अलुकाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. किलुआचं धाकटं भावंड. तिच्यात एक भयंकर शक्ती आहे म्हणून घरच्यांनी तिला खेळण्यांनी भरलेल्या खोलीत कोंडून ठेवलंय. गॉन मरणाच्या दारात असतो तेव्हा त्याला वाचवायला किलुआ तिला बाहेर काढतो. आता गंमत बघा : किलुआ तिला ‘बहीण’ म्हणतो, इलुमी ‘भाऊ’. मालिका यावर काही भाषण देत नाही. ज्याचं तिच्यावर प्रेम आहे तो तिला मुलगी म्हणतो, एवढंच.

जपानी क्रियापदाला लिंग नसतं म्हणे. त्यांचं बरंय. मराठीत माणूस दारातून आत येतानाच सापडतो. ‘आलो’ की ‘आले’? मी दोन-तीन वर्षं फोनवर घरच्यांशी बोलताना भूतकाळच टाळायचे. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो, झालं जेवण’. ‘पोचलास?’ ‘हो, आत्ताच.’ ‘काय केलंस दिवसभर?’ ‘काम होतं.’ घरच्यांना वाटायचं मी तुटक झालेय.

धाकट्या भावाला इंग्रजी सबटायटल्स झेपायची नाहीत, म्हणून मी त्याला शेजारी बसून मराठीत सांगायचे. अलुका आली तेव्हा मी सवयीने ‘तो’ म्हणाले. भाऊ म्हणाला, ‘ती ना? किलुआ बहीण म्हणतोय ना पण?’ नववीत होता. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, ‘तू पण पाणी प्यायलीस का मगाशी, का बाटली तशीच आहे?’

प्यायलीस. मी बाटली उचलली आणि अर्धी संपवली.

रविवारची भाजी

१४८ भाग! मधूनच कुठून सुरू केलं तर चालेल का?

पेनड्राइव्ह

नाही.

ओले वाटाणे

माझं अजून चालूच आहे, त्यामुळे याला अनुभव म्हणावं की नाही माहीत नाही.

हिवाळ्यात घरून काम होतं. जेवताना मी हंटर लावायचो, आई शेजारी वाटाणे सोलत बसायची. तिला कार्टून म्हणजे कार्टून. एके दिवशी ती जागा आली, किलुआच्या मनातलं बोलणं. आईने विचारलं, ‘काय म्हणतोय रे तो पांढऱ्या केसांचा?’ मी सांगितलं : गॉन, तू उजेड आहेस. कधी कधी इतका की सरळ बघवत नाही. तरी तुझ्याजवळ राहिलं तर चालेल का?

आई म्हणाली, ‘हे त्याला म्हणाला?’

‘नाही. मनात.’

‘मग कधी म्हणतो?’

‘बघ ना पुढे.’

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, आज पोरांचं नाही का लावत. आता वाटाण्यांचा मोसम संपला, ती रिकाम्या हाताने येऊन बसते. मुंग्यांचा राजा तिला आवडतो, बुद्धिबळासारखं खेळणारी ती आंधळी मुलगी तर फारच आवडते. गॉन आवडत नाही. ‘याला कळत कसं नाही?’ असं रोज एकदा म्हणते आणि मग माझ्याकडे बघते. मी ताटातल्या कोशिंबिरीकडे बघतो. काल ११२ वा झाला. ३६ भाग उरलेत.