मागच्या मिलची जागा: हरकत द्यायची का?

सेक्रेटरी (ए १०१): नमस्कार. आजच्या पेपरातल्या जाहीर नोटिशीचा फोटो टाकलाय, सगळ्यांनी वाचा. आपल्या मागची बंद मिलची जागा औद्योगिक विभागातून काढून रहिवास आणि वाणिज्य विभागात घ्यायचा प्रस्ताव आहे. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. हरकती-सूचना एक महिन्यात लेखी द्यायच्या आहेत. रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसूया का?

सी ४०२ दादा: हरकत कशाला? चांगलंच होतंय की. इतकी वर्षं तिथं बाभळी माजल्यात, साप निघतात, रात्री बायकांना त्या गल्लीतून यायला भीती वाटते. मॉल होऊ दे, चार चांगली ऑफिसं येऊ देत. मी स्वतः पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतोय आणि दर शनिवारी आईबाबांना भेटायला येतोय. सांगलीत काम असतं तर गेलो असतो का?

बी ३०१ वहिनी: दादांचं बरोबर आहे. माझ्या दोन्ही भाच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकल्या, दोघी बाहेर. इथं कोण थांबतंय.

ए ३०४: आणि आपल्या फ्लॅटचा रेट पण वाढेल. तेही बघा.

बी १०४ आजोबा: रेट वाढंल का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. मी त्या मिलमधी रिंग फ्रेमवर, सूत कातायच्या यंत्रावर होतो. बंद पडली तवा आमची ग्रॅच्युइटी निम्मीच मिळाली, कायजणांची अजून अडकलीया. जागा इकायची तर आधी आमचं द्या म्हणावं. माझ्याबरोबरचे निम्मे तर वारलेत. त्यांच्या घरच्यांना तरी मिळू दे.

सेक्रेटरी (ए १०१): आजोबा, कागद आहेत का तुमच्याकडं?

बी १०४ आजोबा: हायती की. पत्र्याच्या पेटीत सगळं जपून ठेवलंय. हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा, युनियनची पावती.

ए २०३ सर: आजोबांचा मुद्दा भावनेचा म्हणून सोडून देऊ नका, तो नियमातच बसतो. बंद कारखान्याची जागा रहिवासात घेताना कामगारांची कायदेशीर देणी दिल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पहिली हरकत तयारच आहे. आजोबा, कागद नातवाकडून स्कॅन करून घ्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.

दादांशी मी भांडत नाही. जागा पडून राहावी असं मलाही वाटत नाही. पण आपण एकदम "मॉल का फ्लॅट" इथं आलो, त्याआधीचं राहिलं. त्या कंपाउंडच्या मागच्या भिंतीला लागून नाला आहे. २०१९ ला आपल्या पार्किंगमध्ये पाणी कुठून आलं ते आठवा. नदी बघायला आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं पळत होतो आणि पाणी आलं मागून, नाल्यातून उलटं. पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी ५७ फुटांच्या वर गेलं. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत पडत नाही, उलट नदीच नाल्यातून गावात शिरते. २०२१ ला परत तेच.

सी ४०२ दादा: सर, पूररेषेचे नियम आहेत ना. बिल्डरला पाळावेच लागतील.

ए २०३ सर: आहेत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधायचं नाही. दोन्हीच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यायचं. अडचण इथंच आहे. जोतं उचलायचं म्हणजे आपल्याकडं काय करतात? मुरुमाचा भराव. हजारो डंपर ओततात. त्यांची इमारत कोरडी राहते, पण आज त्या पडीक जागेत पसरणारं पाणी कुठं जाणार? आपल्या पार्किंगमध्ये, आणि आपल्या पलीकडच्या चाळीत. नियम पाळूनसुद्धा शेजारी बुडतो. शामरावनगर बघा, सखल काळी जमीन, भरावावर भराव झाले आणि आता मोठा पाऊस पडला तरी रस्त्यावर पाणी साचतं, पूर यायची गरज नाही.

म्हणून माझी सूचना: भराव नको, खांबांवर बांधा, खाली पाण्याला वाट सोडा. नाल्याच्या काठची पट्टी मोकळी ठेवा. आणि आतलं जुनं तळं बुजवू नका. मिलला पाणी लागायचं म्हणून ते खोदलेलं आहे, आजही चार महिने पाणी धरतं.

बी १०४ आजोबा: व्हय व्हय, तळं हाय. बॉयलरचं पाणी तितनंच घेत हुतो. उन्हाळ्यात पोरं पवायला यायची, जॉबर, म्हंजे मुकादम, हाकलून लावायचा.

सी २०१ काकू: डास होतात हो त्या तळ्यानं. ते पण लिहा अर्जात.

ए २०३ सर: लिहितो काकू. साफ ठेवलं तर डास होत नाहीत, पण साफ कोण ठेवणार हे आधी ठरलं पाहिजे. बरोबर आहे तुमचं.

ए ३०४: सर, तुम्ही सगळ्याला नाही म्हणताय असं वाटतं. जगात सगळीकडं जुन्या गिरण्या पाडूनच शहरं उभी राहिलीत. मुंबईत लोअर परळ बघा कसं झालंय.

ए २०३ सर: लोअर परळचं नाव काढलंत म्हणून लिहितो, थोडं लांबेल. आपल्या सांगली-साताऱ्याच्या किती घरांतली माणसं तिथं गिरणीत होती! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या नियमात ठरलं की जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. कागदावर उत्तम. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीतल्या फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, शेडखालची जागा त्यातून सुटली. मोकळी जमीन मुळात होती किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. बागा आणि घरं जिथं व्हायची तिथं काचेच्या इमारती झाल्या. एका शब्दाच्या फेरफारात एवढी जमीन लोकांच्या हातून गेली. म्हणून म्हणतो, नोटिशीतला प्रत्येक शब्द वाचा. "सुविधा क्षेत्र" किती, कुठं, हे नकाशावर दाखवलंय का? की मागं नाल्याच्या चिखलात कोपरा दिलाय?

आता चांगलं उदाहरण. स्पेनमध्ये बिल्बाओ नावाचं शहर आहे. नदीकाठी पोलाद आणि जहाजबांधणी, आपल्यापेक्षा कितीतरी मोठा पसारा. एकेक करून बंद पडलं. त्यात ऑगस्ट १९८३ ला नदीला महापूर आला आणि जुनं गाव बुडालं. लोक तिथलं गुगनहाइम संग्रहालय बघायला जातात, ते १९९७ मधलं. पण काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, नदीत पडणारं सांडपाणी अडवण्यापासून. मग बंदर समुद्राकडं हलवलं, १९९५ ला मेट्रो आणली. १९९२ मध्ये सरकार आणि स्थानिक संस्थांनी मिळून एक कंपनी काढली. रेल्वे आणि बंदराच्या पडीक जमिनी तिच्या हातात दिल्या. तिनं प्लॉट विकले आणि आलेला पैसा काठावरचे रस्ते, बागा, ट्राम यांत परत घातला. जमीन विकायला माझा विरोध नाही. विकून आलेला पैसा गावातच फिरला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि पुरासाठी तिथं काय केलं? नदीतल्या एका अर्धवट खोदलेल्या कालव्याचं तोंड २०१८ मध्ये उघडलं, द्वीपकल्पाचं बेट केलं, पाण्याला जादा वाट दिली. नवी घरं त्यानंतर. आपण अजून शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जाण्यावरच भांडतोय. धुळगावला ते शेतीला न्यायची योजना किती वर्षं ऐकतोय!

सी ४०२ दादा: सर, मान्य. पण बिल्बाओला युरोपचा पैसा आहे. आणि मी ऐकलंय की तिथंपण कारखान्यातल्या पक्क्या नोकऱ्या गेल्या आणि हॉटेलातल्या आल्या. तुम्ही सांगताय त्यात माझ्यासारख्याला काम कुठं आहे?

ए २०३ सर: हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. नोकऱ्यांबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. पण त्या भागानं कारखानदारी पूर्ण सोडली नाही. १९८५ मध्ये शहराजवळ झामुदिओला तंत्रज्ञान पार्क काढलं, छोटे अभियांत्रिकी उद्योग टिकवले.

आपल्याकडं हे नाही का? १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानातल्या माळावर. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत फाउंड्री आहेत, मशीनशॉप आहेत. कापड गिरण्या गेल्या त्याची कारणं वेगळी. यंत्रं जुनी झाली, इचलकरंजी-विट्याचे माग कमी खर्चात कापड काढू लागले, १९८५ च्या वस्त्रधोरणानंतर गिरण्यांचा उरलासुरला आधार गेला. गजानन मिल गेली, माधवनगरची कॉटन मिल गेली. म्हणून सांगलीला हातानं काही बनवता येत नाही असं कुणी म्हणू नये.

बी १०४ आजोबा: आमच्यातली लई माणसं विट्याला मागावर गेली. पगार कमी, पीएफ न्हाई, पाळी बारा तासाची.

बी ३०१ वहिनी: सर, मी एक बोलू का? आमच्या बचत गटात पंधराजणी आहेत. हळद, बेदाणा, चटण्या पॅक करतो. आता माझ्या हॉलमध्ये आणि एकीच्या गॅरेजमध्ये चालतं. वेगळी जागा घ्यायची तर भाडं परवडत नाही. मार्केट यार्डाजवळ गाळा बघितला, डिपॉझिट ऐकूनच परत आलो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला २०१६ ला. नाव आमच्या मालाचं, पण छान पाकिटात भरून विकतं कोण, तर पुण्या-मुंबईचे ब्रँड. त्या मिलच्या शेडमध्ये आम्हाला चार खण मिळाले तर?

ए २०३ सर: वहिनी, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. गेल्या आठवड्यात वॉचमनला विचारून मी आत जाऊन आलो. जुन्या कताई खात्याची शेड अजून उभी आहे. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेला आणि तिला काचा. निम्म्या फुटल्यात. तरी भर दुपारी आत दिवा लागत नाही आणि ऊनही अंगावर येत नाही, सगळीकडं एकसारखा उजेड. बिडाचे खांब सरळ आहेत, मी ओळंबा लावून बघितला. गंज वरवरचा आहे.

बी १०४ आजोबा: सर, ती उत्तरंची काच मुद्दाम हुती. तुटलेला धागा डोळ्याला दिसाय पायजे. ऊन पडलं की सूत तडकतंय, तुटतंय. आत दमटपणा ठेवायला फवारं हुतं. त्या उजेडात मी चाळीस नंबरचं सूत नुसतं बघून वळखायचो.

ए २०३ सर: हाच उजेड पॅकिंगला, शिवणकामाला, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांना, दादांसारख्यांच्या संगणकाच्या टेबलाला चालतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यालाही २०२४ ला जीआय मिळालंय. ती एक शेड वाचवून छोट्या गाळ्यांत भाड्यानं द्या, बाकी जागेवर घरं बांधा, अशी माझी तिसरी सूचना. पुराचाही विचार करा. २००५ ला हरिपूरच्या हळदीच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची साठवणीची रीत मोडली. व्यापार कोल्ड स्टोरेजकडं वळला, म्हणून टिकला. इथं माल वरच्या माळ्यावर आणि पाणी खालून, असं आधीच बांधलं तर पुन्हा तसं नुकसान होणार नाही.

ए ३०४: बिल्डर ऐकेल का हे? शेड ठेवली की त्याचा एफएसआय, म्हणजे बांधायला मिळणारं क्षेत्र जातं.

ए २०३ सर: म्हणून तर हे आत्ता, विभाग बदलायच्या आधी मागायचं. बदल मंजूर झाल्यावर कोण ऐकणार? औद्योगिक जमीन रहिवासाची झाली की तिची किंमत एका सहीनं वाढते. ती वाढ गावानं दिलेली आहे. त्यातला वाटा गावानं मागितला तर त्यात वावगं काय? १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड एक करून महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर माणसं मोजली. त्यांच्यासाठी गावात एवढ्या मोठ्या सलग जागा उरल्यात किती?

सी २०१ काकू: आणि त्या चाळीतल्यांना सांगितलंय का कुणी? त्यांच्यात पेपर कोण घेतंय.

बी ३०१ वहिनी: काकू, मी उद्या सकाळी जाते. आमच्या गटातल्या तिघी तिथल्याच आहेत. त्यांच्या सह्या आपल्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत, पाणी आधी त्यांच्यात शिरतं.

सेक्रेटरी (ए १०१): मी सोमवारी नगररचना विभागातून प्रस्तावाच्या नकाशाची प्रत घेतो. पूररेषेचा नकाशा पण मागतो. आजोबा, कामगारांचा अर्ज वेगळा करूया, तुमच्याबरोबरचे जे आहेत त्यांना निरोप द्या.

बी १०४ आजोबा: देतो. दोघं बुधगावला हायती, एक कुपवाडला लेकीकडं. फोन लावतो आजच.

सी ४०२ दादा: सर, नाल्याच्या आणि देणीच्या अर्जावर माझी सही घ्या. आईबाबांची पण घ्या. शेडच्या मुद्द्यावर मात्र मी अजून तयार नाही. मला वाटतं पूर्ण जागेवर आयटीसाठी नवीन इमारत मागावी, जुन्या शेडमध्ये कोण कंपनी येणार?

ए २०३ सर: मग तुमची सूचना तुमच्या नावानं वेगळी द्या, मी लिहायला मदत करतो. ऑफिससाठी किती जागा लागेल, वीज किती, ते आकडे तुम्हालाच माहीत, ते घाला. दोन्ही सूचना नोंदीला लागू देत, सुनावणीला दोघं जाऊ. शनिवारी आलात की आधी वॉचमनकडून किल्ली घेऊन शेड बघून येऊ, सकाळी नऊला. आजोबांनाही घेऊया.

बी १०४ आजोबा: आठला या. नऊनंतर तिकडं गवतात चालवत न्हाई, ऊन लागतंय.