‘मग बाकीचे का नाही पळाले?’: नववीच्या वर्गातला एक प्रश्न

खडूफळा (धागालेखिका)

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास शिकवते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आमच्या मुलांच्या कानांवर पंधरा ऑगस्टच्या भाषणांतून इतक्या वेळा पडलेला असतो की त्याचे त्यांना काही वाटेनासे झाले आहे. म्हणून यंदा दोन जादा तासिका मागून घेतल्या आणि अमेरिकेतले गुलाम मालकाच्या तावडीतून कसे निसटत, या वाटेने तो विषय पुन्हा उघडून पाहायचे ठरवले.

पहिल्या तासाला हेन्री ब्राउनची हकिकत सांगितली. रिचमंड शहरात तंबाखूच्या कारखान्यात राबणाऱ्या या माणसाची गरोदर बायको आणि तीन मुले १८४८ मध्ये विकली गेली. पुढच्या मार्चमध्ये त्याने स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून घेतले आणि मालवाहू कंपनीमार्फत तो उत्तरेकडच्या, गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियाला रवाना झाला. खोके तीन फूट लांब, दोन फूट आठ इंच खोल आणि दोन फूट रुंद होते, प्रवास सुमारे सत्तावीस तासांचा होता, आणि वाटेत काही काळ खोके उलटे ठेवले गेल्याने त्याचे डोके खाली होते. मी फरशीवर खडूने मापे आखली आणि वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला त्यात बसवले. वर्ग खूश झाला, टाळ्याही पडल्या.

मग शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, मग बाकीचे का नाही पळाले?” मी तोंड उघडण्याआधीच एक मुलगा म्हणाला, “घाबरत असतील.” सगळ्यांना ते पटले आणि तेवढ्यात घंटा झाली.

तेव्हापासून हे उत्तर मला टोचते आहे. मी शिकवायला गेले स्वातंत्र्य, आणि मुले शिकली ती अशी की जे गुलामीत राहिले ते भित्रे होते. दुसरा तास पुढच्या आठवड्यात आहे. तो कसा घ्यावा, याबद्दल जाणकारांनी सुचवावे.

---

जुनी कागदपत्रे

नमस्कार ताई. ब्राउनची हकिकत गाळू नये, पण तिने सुरुवातही करू नये, असे मला वाटते. सुरुवात पळणाऱ्याकडून न करता शोधणाऱ्याकडून करावी. पळालेल्या माणसांसाठी मालक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. माणूस परत हवा असल्यामुळे ओळख पटण्यापुरते खरे त्यांना लिहावेच लागे, आणि आपण भले मालक आहोत हेही जाता जाता सुचवायचे असे. या ओढाताणीत जाहिरात देणारा नको ते बोलून जातो, आणि ते पकडायला मुलांना फार आवडते.

माझ्या मते वर्गासाठी सगळ्यांत चांगला कागद मे १७९६ चा आहे. फिलाडेल्फिया तेव्हा राजधानी होती, आणि फरार झालेली मुलगी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरातली होती. तिचे नाव ओना जज. वय सुमारे वीस, अंगावर वांगाचे ठिपके, काळेभोर डोळे, दाट केस, सडपातळ बांधा, अंगावर घालायला चांगले कपडे बरेच, असे तिचे वर्णन करून दहा डॉलरचे बक्षीस लावले होते. त्यात पुढे अशा अर्थाचे एक वाक्य आहे: ती जाईल असा संशय नव्हता आणि तिने जावे असे काही घडलेही नव्हते, त्यामुळे ती कुठे गेली असेल याचा तर्क करणे सोपे नाही. हे वाक्य फळ्यावर लिहा आणि ‘काही घडलेही नव्हते’ या शब्दांखाली रेघ ओढायला सांगा.

काय घडले होते ते त्यानंतर सांगा. मार्था वॉशिंग्टन यांच्या नातीचे नुकतेच लग्न झाले होते आणि ओना तिला देऊन टाकायची असे ठरले होते. शिवाय पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम त्या राज्यात सलग सहा महिने राहिला तर त्याला मुक्तता मागता येत असे, म्हणून अध्यक्षांच्या घरचे गुलाम मुदत भरण्याआधी राज्याबाहेर फिरवून आणले जात. पुढे म्हातारपणी, १८४५ मध्ये, एका वर्तमानपत्राला तिने सांगितले की घरचे लोक व्हर्जिनियाला जाण्यासाठी सामान बांधत होते तेव्हा तीही बांधत होती. कुठे जायचे ते ठाऊक नव्हते, पण परत व्हर्जिनियाला गेलो तर स्वातंत्र्य कधीच मिळणार नाही, एवढे तिला कळत होते. मंडळी जेवायला बसलेली असताना ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌समथला पोहोचली.

खरी शिकवण्यासारखी गोष्ट यापुढे आहे, आणि नेमकी ती बहुतेक जण गाळतात. तिचा पत्ता लागला. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून तिथल्या जकात अधिकाऱ्याने तिची गाठ घेतली. वॉशिंग्टन पतिपत्नींच्या पश्चात आपल्याला मुक्त करण्याचे वचन मिळाले तर आपण परत येऊ, असे तिने कळवले, आणि अध्यक्षांनी असा सौदा करण्यास साफ नकार दिला. तिने तिथेच एका खलाशाशी लग्न केले. १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांचा भाचा तिला न्यायला आला, तेव्हा आधीच खबर लागल्याने ती शेजारच्या गावी निघून गेली. १८४८ मध्ये ती वारली तोवर, म्हणजे जवळजवळ ५२ वर्षे, कायद्याने ती मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीची मालमत्ताच होती. नवरा आणि मुले तिच्या आधी गेली आणि दिवस गरिबीचे होते. अध्यक्षांच्या घरापेक्षा जास्त कष्ट पडले, त्याचा पस्तावा होतो का, असे विचारल्यावर ती म्हणाली: नाही, मी स्वतंत्र आहे.

कायद्याचा कागद म्हणतो गुलाम, बाई म्हणते स्वतंत्र. तासाला एवढा एकच प्रश्न ठेवला तरी चाळीस मिनिटे पुरणार नाहीत.

वेळ उरलाच तर १७६९ ची आणखी एक जाहिरात आहे. सँडी नावाचा मोची पळाला आहे, डावखुरा आहे, दारू पिऊन उर्मटपणा करतो, जाताना पांढरा घोडा आणि आपली हत्यारे घेऊन गेला आहे. खाली सही थॉमस जेफरसन यांची, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले त्यांची. सातच वर्षांनी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य याच गृहस्थांनी लिहिले.

---

निवृत्त मास्तर

बाई, ‘घाबरत असतील’ या उत्तराला आधी हिशेबाने उत्तर द्या. १८५० च्या खानेसुमारीत अमेरिकेत सुमारे ३२ लाख गुलाम नोंदले गेले आणि त्याच खानेसुमारीत वर्षभरात पळालेल्यांची संख्या १,०११ इतकीच भरली. हा आकडा मालकांनी सांगितलेला, म्हणून कमी धरलेला आहे, हे मान्य केले तरी प्रमाण किती लहान होते ते मुलांना दिसेल. त्यानंतर नकाशा लावा. स्वतः गुलामीतून पळून पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवून नेणारी हॅरिएट टबमन जिथे जन्मली ते मेरीलँड पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला लागून आहे. तिलाही सुमारे दीडशे किलोमीटर चालावे लागले. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातल्या माणसाला उत्तरेकडची हद्द त्याच्या कित्येक पट दूर होती, आणि टेक्ससमधला माणूस तर उत्तर सोडून दक्षिणेला मेक्सिकोत पळे, कारण तिथे गुलामगिरी १८२९ मध्येच बंद झाली होती. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर मालकाच्या हातची चिठ्ठी लागे, रस्त्यावर गस्त असे, आणि चिठ्ठी स्वतः लिहिता येऊ नये म्हणून दक्षिणेतल्या अनेक राज्यांत अक्षरओळखीवरच बंदी होती.

पण सगळ्यांत जड बेडी घरच्या माणसांची होती, आणि ती आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी १८५४ चा नाताळ सांगावा. टबमनच्या तीन भावांचा सण उलटताच लिलाव होणार होता. ती त्यांना न्यायला आली आणि आईबापांच्या झोपडीजवळच्या वैरणीच्या खोपटात सगळे लपले. म्हातारी आई मुले जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून वाट पाहत होती. तिला कळले तर ती आकांत करील, म्हणून तिला सांगितलेच नाही. मुलांनी फटीतून तिला पाहून घेतले. बाप गुपचूप जेवण घेऊन आला, पण डोळ्यांना पट्टी बांधून, म्हणजे उद्या कोणी विचारले तर ‘मी पोरांना पाहिले नाही’ हे खरे खरे सांगता यावे. निघताना तो तशाच बांधल्या डोळ्यांनी थोडे अंतर त्यांच्याबरोबर चालला. एका भावाची बायको त्याच वेळी बाळंत होत होती. तिला मागे ठेवून तो निघाला.

टबमनची शेवटची खेप १८६० च्या अखेरीची. बहीण आणि तिची दोन मुले यांना आणायचे होते. बहीण आधीच वारली होती, आणि मुलांना सोडवायला लाचेचे तीस डॉलर हवे होते, ते जवळ नव्हते. मुले तिथेच राहिली. टबमन भित्री होती असे तुमच्या वर्गातले कोणी म्हणणार नाही.

जाता जाता एक. तिने तीनशे माणसे सोडवली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आता मान्य असलेला हिशेब सुमारे तेरा खेपा आणि सत्तर माणसे असा आहे. सत्तर हा आकडा मला तरी लहान वाटत नाही.

---

ग्रंथपाल

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एक हरकत नोंदवते. मुलाला खोक्याच्या मापात बसवणे मला पटले नाही. बसणाऱ्याला मजा वाटते, बघणाऱ्यांना खेळ वाटतो, आणि ज्याची बायकामुले विकली गेली तो माणूस जादूगार होऊन बसतो. ती माणसे ब्राउनला परत मिळाली नाहीत, हे त्याच तासाला सांगायला हवे होते. हेही सांगा की खोक्याची हकिकत जगजाहीर झाल्यामुळे ती वाट बंद झाली. त्याला मदत करणाऱ्या स्मिथ नावाच्या गोऱ्या मोच्याने तीच युक्ती पुन्हा केली तेव्हा तो पकडला जाऊन तुरुंगात गेला. गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांनी तर हा गाजावाजा केल्याबद्दल ब्राउनच्या हितचिंतकांना उघड दोष दिला. ते स्वतः १८३८ मध्ये खलाशाचा वेश करून आणि दुसऱ्याचा दाखला दाखवून निसटले होते, आणि त्याचा तपशील त्यांनी गुलामगिरी संपून बरीच वर्षे झाल्यावर, १८८१ मध्ये छापला.

गोधड्यांच्या नक्षीत पळण्याचे सांकेतिक नकाशे असत, ही गोष्ट इंटरनेटवर हमखास सापडेल. ती वापरू नका. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही आणि इतिहासकार ती मानत नाहीत.

कायद्याचा मात्र एक तपशील जरूर सांगा. १८५० च्या कायद्याने पळालेल्या माणसाला उत्तरेतल्या राज्यांतूनही धरून नेणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. सुनावणीत त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, आणि आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. निवाडा करणाऱ्याला माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर मिळत, सोडून दिला तर पाच. दहा आणि पाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि थोडा वेळ काही बोलू नका. त्यानंतर हजारो माणसे कॅनडापर्यंत का गेली, हे वेगळे समजवावे लागणार नाही.

---

पाटीपुस्तक

हा विषय परका नाही, हे मुलांना दाखवायचे असेल तर जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचून दाखवावी. अमेरिकेत गुलामगिरी घटनादुरुस्तीने संपली १८६५ मध्ये. आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्याहून जोतीरावांनी आपले पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी हबशी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य दाखवले. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मोकळे करण्यासाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तिथेच व्यक्त केली आहे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. जात आणि मळ्यावरची गुलामगिरी या दोन्ही एकच, असे वर्गात सांगून मोकळे होऊ नये. जोतीरावांनी तुलना का केली, कुठपर्यंत केली आणि ती कोणाला टोचावी म्हणून केली, हे विचारावे. दुसरे असे की अर्पणपत्रिका सोडवणाऱ्यांना आहे. सुटणाऱ्यांचे, म्हणजे ओना जजसारख्यांचे, नाव तिच्यात नाही. जोतीरावांना दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. आपल्या लोकांपुढे उदाहरण म्हणून त्यांना सोडवणारेच ठेवायचे होते. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले तर स्वातंत्र्य कोणी देते की कोणी घेते, हा वाद मुले आपणहून सुरू करतील.

---

खडूफळा

सर्वांचे आभार. ग्रंथपालताई, खोक्याबद्दलची तुमची हरकत मान्य आहे. तासाच्या सुरुवातीलाच मी वर्गाला सांगितले की मागच्या वेळी गोष्ट अर्धी सांगितली होती, आणि ब्राउनच्या बायकामुलांचे पुढे काय झाले ते सांगितले.

ओनाची जाहिरात मी मराठीत करून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून नेली. अध्यक्षांचे नाव मुद्दाम झाकून ठेवले होते. ‘काही घडलेही नव्हते’ या शब्दांवर मुले बराच वेळ अडली. एकाने विचारले की कपडे चांगले होते हे जाहिरातीत कशाला लिहिले. ओळखू यावी म्हणून, असे मी म्हणाले, तर मागून कोणी तरी बोलले, “आम्ही तिला नीट ठेवत होतो, असं सांगायला.” झाकलेले नाव उघडल्यावर मात्र पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना.

दहा आणि पाच डॉलरच्या आकड्यांबद्दल मला काही बोलावे लागले नाही, हे खरे निघाले. लाचेच्या तीस डॉलरांपाशी मात्र मुलांनी ती रक्कम आजच्या रुपयांत किती, यावरच दहा मिनिटे घालवली आणि मला हिशेब देता आला नाही.

नाताळची गोष्ट शेवटी सांगितली. ज्याने मागच्या वेळी ‘घाबरत असतील’ म्हटले होते तो मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि म्हणाला, “बाई, त्या बापाने पट्टी खोटं बोलायला लागू नये म्हणूनच बांधली होती का? की पोरं जाताना बघवणार नव्हतं म्हणून?” पहिले कारण नोंदलेले आहे, असे मी सांगितले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

पाटीपुस्तक, अर्पणपत्रिकेसाठी तिसरी तासिका मागितली आहे. मुख्याध्यापकांनी सहामाही परीक्षेनंतर बघू म्हटले आहे.