जहाज ‘मिसकॅरी’ झालं म्हणजे काय?

प्रश्न: शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात व्यापारी अँटोनिओ पत्रात लिहितो, माझी सगळी जहाजं ‘मिसकॅरी’ झाली. गर्भपाताचा शब्द इथे कसा?

उत्तर १: ‘मिस’ म्हणजे चुकीचं, ‘कॅरी’ म्हणजे नेणं. त्या काळी अर्थ बराच पसरट होता, म्हणून आधी कर्ता बघा. जहाज असेल तर बुडालं, पत्र असेल तर गहाळ झालं, बेत असेल तर फसला, माणूस असेल तर बहुधा प्राणाला मुकला. ‘मिसकॅरेज ऑफ जस्टिस’मध्ये हाच जुना अर्थ टिकलाय, तिथे गर्भपात आणू नका, ‘न्यायाची पायमल्ली’ चालेल.

उत्तर २: जनावरांच्या गर्भपातासाठी इंग्रजीतलं ‘स्लिंक’ हे क्रियापद बघा. आपल्याकडे गाय गाभडते, अगदी तेच. अशा अकाली वासराला आणि त्याच्या कातड्यालाही ‘स्लिंक’च म्हणत.

उत्तर ३: ‘अबॉर्टिव्ह’ही त्यातलाच. मूळ लॅटिन, अकाली जन्मलेलं. पुढे फसलेला प्रयत्न.