मदत हवी आहे: क्लेपची ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट परीक्षा
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत डे-केअरमध्ये काम करते, सोबत कॉलेजही चालू आहे. एका विषयाची फी वाचावी म्हणून कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची ही क्लेप परीक्षा देतेय; ती पास झाली की तो विषय वर्गात न शिकता क्रेडिट मिळतं. ९० मिनिटांत साधारण ९० प्रश्न. ५० गुण आले की आमचं कॉलेज ३ क्रेडिट देतं.

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा बालविकासाचा सिद्धांत मला रोज दिसतो. चेंडू दुपट्याखाली लपवला की सहा महिन्यांचं बाळ शोधतच नाही, वर्षाचं मात्र दुपटं ओढतं! पण एरिक्सनचे मनोसामाजिक विकासाचे ८ टप्पे आणि कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या यांची हमखास गल्लत होते. मागच्या वेळी ४७ वर अडकले, फार वाईट वाटलं. पुन्हा परीक्षा देण्याआधी थांबायची तीन महिन्यांची अट आता संपतेय. कुणी दिली आहे का? वृद्धापकाळावर कितपत विचारतात? संशोधनपद्धतींसाठी काय वाचलंत?