ओलांझापीन सुरू झाल्यापासून भावाचं वजन वाढतच चाललंय, घरात काय बदल करावेत?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ तिशीतला आहे, स्किझोफ्रेनिया आहे. ओलांझापीन सुरू झाल्यावर आवाज ऐकू येणं थांबलं, झोप लागते, आमच्याशी नीट बोलतो, त्यामुळे गोळीचे उपकारच आहेत आणि ती बंद करायचा विचारही नाही. पण वजन भराभर वाढलंय, रात्री उठून डबे उघडतो, सकाळी कोपऱ्यावरचे पोहे-जलेबी, संध्याकाळी सेव, दिवसभर गोड चहा. आई म्हणते इतक्या वर्षांनी पोरगं पोटभर जेवतंय, खाऊ दे त्याला. आणि नातेवाईक तोंडावर "किती सुटलास रे" म्हणतात, मग तो खोलीतून बाहेरच येत नाही. फिरायला जा म्हटलं तर उठत नाही. कोणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

उत्तर १
ताई, मी मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांसोबत काम करते. सगळ्यात आधी आईंना आणि नातेवाईकांना सांगा की हा त्याचा हावरटपणा नाहीये. ओलांझापीन आणि क्लोझापीन या दोन गोळ्यांनी वजन सगळ्यात जास्त वाढतं, मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे भूक आवरणारे काही रिसेप्टर (संदेश घेणाऱ्या जागा) त्या अडवतात, त्यामुळे जेवून उठला तरी त्याला खरोखरच भूक असते.

डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढा. वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची शुगर, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) हे गोळी सुरू होताना, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी बघायला हवं. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंमी आणि बायकांची ८० च्या वर गेली की धोका धरतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच सावध व्हायचं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालेल का, किंवा ॲरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं औषध जमेल का हेही विचारा, पण बदल त्यांनीच करायचा. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे, म्हणून मला हे वजनाचं प्रकरण आजाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

उत्तर २ (सुदामा नगर)
आमच्या मुलाचं असंच होतं. "जा" म्हणून तो कधीच गेला नाही, "चल" म्हटल्यावर यायला लागला. आम्ही नेहरू पार्कला सकाळी गर्दी व्हायच्या आत जायचो, सुरुवातीला एक चक्कर आणि परत. गोळीची गुंगी सकाळी असेल तर संध्याकाळची वेळ धरा, ओढून नेऊ नका. घरात सेवचा मोठा डबा आणणंच बंद केलं, सगळ्यांसाठी, एकट्याला वेगळं ताट वाढलं की त्याला शिक्षा वाटते. रात्रीच्या भुकेसाठी ताक, काकडी, भाजलेले चणे समोरच ठेवायचो. चहातली साखर हळूहळू कमी केली. पोहे घरी, मटार-शेंगदाणे घालून, आणि जलेबी फक्त रविवारी, कारण सगळंच तोडलं तर टिकत नाही हो.

उत्तर १
काकांचं अगदी पटलं. अमेरिकेत गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ लोकांवर ॲचीव्ह नावाचा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. तिथे ही माणसं ज्या केंद्रात नेहमी यायची तिथेच गटाने व्यायाम आणि आहाराच्या बैठका घेतल्या, दीड वर्षाने त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सरासरी ३.२ किलो जास्त उतरलं. उलट इंग्लंडमध्ये ४१४ जणांच्या अभ्यासात अर्ध्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचे चार वर्ग आणि मग अधूनमधून पाठपुरावा, एवढंच दिलं तर वर्षाने वजनात काहीच फरक नव्हता. नुसता सल्ला देऊन भागत नाही, सोबत लागते.

प्रश्नकर्ती
खूप आधार वाटला. अजून एक, तो सिगरेटही ओढतो, तीही आत्ताच सोडायला लावू का?

उत्तर १
सोडायलाच हवी, पण डॉक्टरांना आधी सांगून. सिगरेटच्या धुरामुळे यकृत ओलांझापीन लवकर संपवतं, अचानक सोडली तर रक्तात औषध वाढून गुंगी जास्त येऊ शकते, डोस कमी करावा लागतो. निकोटिनमुळे नाही, धुरामुळे, म्हणून पॅच किंवा गमवर असला तरी हे लागूच. आणि लिथियमही (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर मीठ एकदम तोडू नका, लिथियमची पातळी वर जाते. अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

प्रश्नकर्ती
लिथियम नाहीये. शनिवारी अपॉइंटमेंट आहे, आईलाही सोबत नेते, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल.