आजीच्या चरित्रात तिच्या विड्यांचा उल्लेख करावा की नाही?

सिन्नरची नात

आजीला जाऊन लवकरच वर्ष होईल. वर्षश्राद्धाला घरच्या माणसांसाठी तिच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका छापायची आहे आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काका-आत्यांनी लिहून दिलेल्या आठवणी जवळजवळ सगळ्या देवधर्माच्या आहेत: पहाटेचा काकडा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संध्याकाळचा हरिपाठ, आणि त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरला आली की तिच्याबरोबर दातलीच्या रिंगणापर्यंत चालत जाणे. हे सारे खरेच आहे. परंतु आजीने आयुष्यातील बहुतेक दुपारी ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात घालवल्या आणि त्या मजुरीवर मुलांची शिक्षणे झाली, याबद्दल कोणी एक ओळही लिहिलेली नाही. रात्री पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कातरायची, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडून दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसची बंडले करायची आणि मोजणीच्या वेळी किती विड्या बाजूला काढल्या जातील या धास्तीत उभे राहायचे, असा तिचा दिवस असे. हरिपाठ म्हणतानाही तिचे हात थांबत नसत.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईचे नाव तंबाखूशी जोडले जाऊ नये, असे मोठ्या काकांचे म्हणणे आहे. त्यांचे मन दुखवायचे नाही, पण हे काम वगळून तिचे चरित्र कसे लिहावे हे मला समजत नाही. शिवाय या कामाची माहिती आता कुठून मिळवावी?

पूर्व भाग, सोलापूर

ताई, माझी आईही विडी कामगार होती, म्हणून आधी कागदांविषयी सांगते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकाही कामगार म्हणून धरल्या होत्या आणि १९७७ पासून या उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू आहे. त्यामुळे पाने-तंबाखू दिल्याची आणि विड्या जमा केल्याची नोंदवही, निधीची चिठ्ठी किंवा विडी कामगाराचे ओळखपत्र जुन्या ट्रंकेत सापडण्याची शक्यता आहे. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळत असे, तेव्हा काका-आत्यांच्या शाळेच्या कागदांतही शोधा. एखादे ओळखपत्र मिळाले तर त्याचे छायाचित्र पुस्तिकेत अवश्य छापा.

आणखी एक विनंती आहे. तंबाखूच्या धुळीने जडलेला खोकला आणि तासन्‌तास वाकून बसल्याने धरलेली पाठ आजींनाही सोसावी लागली असेल, तर तेही लिहा. नुसते ‘फार कष्टाळू होती’ असे लिहिल्याने ते कष्ट कोणालाही दिसत नाहीत.

सिन्नरची नात

खोकला होता. शेवटची काही वर्षे तिला अभंगाची ओळ एका दमात म्हणता येत नसे, तरीही तिने हरिपाठ सोडला नाही. हे लिहीन.

एक माळकरी

आपल्या काकांचा संकोच मी समजू शकतो, कारण आमच्या घरीही व्यसनाविषयी असाच कडकपणा आहे. परंतु वारकरी संप्रदायात पोटासाठी केलेले काम देवापासून लपवण्याची रीत नाही. सावता महाराज मळ्यात राबत होते, गोरोबाकाका माती तुडवत होते, सेना महाराज हजामती करत होते आणि जनाबाई दळण-कांडण करत होत्या. त्यांच्या कामासकटच आपण त्यांना ओळखतो. आजींनी स्वतः विडी ओढली नाही, घर चालवण्यासाठी वळली. काकांना कृपया एवढेच विचारा की त्यांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे कुठून येत होते. माझ्या मते ते स्वतःच चार ओळी लिहून देतील, आणि त्या तुमच्या-माझ्या ओळींपेक्षा मोलाच्या असतील.

गोदाकाठ

कागदांइतकेच महत्त्व आजींबरोबर बसून विड्या वळणाऱ्या बायकांना आहे. त्यांच्यापैकी ज्या हयात असतील त्यांना वर्षश्राद्धापूर्वीच भेटा. सन विचारल्यास बहुतेकींना सांगता येणार नाही. त्याऐवजी १९७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, असे विचारा. सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला असल्याने त्या दुष्काळात कोण खडी फोडायला गेले, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी कशा लागत, सुकडी हा पौष्टिक खाऊ कुठे मिळे, हे त्या पिढीतल्या बायका विसरलेल्या नाहीत. आजींनी विड्या वळायला त्याआधी सुरुवात केली की त्यानंतर, हे त्यातूनच कळेल.

त्यांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्याही ध्वनिमुद्रित करा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह. तुम्हीही प्रत्येक आठवणीखाली ती सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने घाला आणि पुस्तिकेच्या काही प्रती त्यांच्या घरी पोहोचवा. ज्यांना वाचता येत नसेल त्यांना त्यांचा मजकूर तिथेच वाचून दाखवा, म्हणजे काही चुकले असेल तर त्या सांगतील.