अहवालातील ‘केसांत साधर्म्य आढळते’ या शब्दांचा नेमका अर्थ काय घ्यावा?

प्रश्न – नवी_सनद

मी एका जिल्हा न्यायालयात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली फौजदारी काम शिकते आहे. सध्या आमच्याकडे आरोपीच्या बाजूने एक खुनाचा खटला आहे. तो न्यायप्रविष्ट असल्यामुळे ठिकाण आणि नावे देत नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही आणि सरकार पक्षाची बरीचशी भिस्त मृत महिलेच्या मुठीत सापडलेल्या केसांवर आहे. सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, एवढेच लिहिले आहे की, केस मानवी असून डोक्याचे आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली आरोपीच्या नमुना केसांशी साधर्म्य दाखवतात. डीएनए विभागाच्या स्वतंत्र अहवालात मात्र ‘डीएनए प्राप्त झाला नाही’ हे एकच वाक्य आहे.

केस मिळाला म्हणजे डीएनए मिळालाच, अशी माझी आजवरची समजूत होती. मग तो न मिळण्याचे कारण काय असावे? आणि डीएनए नसताना केवळ ‘साधर्म्य’ या शब्दावर केस आरोपीचाच होता असे म्हणता येते का? सरकारी वकिलांनी युक्तिवादात ‘केस जुळला’ असा शब्द वापरला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

उत्तर – काचपट्टी

मी अनेक वर्षे न्यायसहायक प्रयोगशाळेत जीवशास्त्राच्या टेबलावर बसून केस पाहिले आहेत. आता निवृत्त आहे. तुमचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे केसाचे मूळ.

त्वचेबाहेर दिसणारा केसाचा दांडा हा मृत, केराटिनने भरलेल्या पेशींचा असतो. केस वाढताना या पेशी कडक होत जातात, त्यांतील केंद्रक मोडते आणि त्याबरोबर केंद्रकातील डीएनएचेही तुकडे होतात. ज्यावरून माणसाची वैयक्तिक ओळख पटते ती नेहमीची एस.टी.आर. चाचणी (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणारी) या केंद्रकीय डीएनएवर चालते. त्यामुळे तिला केसाच्या मुळाला चिकटलेल्या जिवंत पेशी लागतात. वाढीच्या अवस्थेतला केस ओढून उपटला गेला, तर मुळाभोवतीचे ओलसर, पांढुरके आवरण सोबत येते. काचपट्टीवर ते मूळ ताणलेले, काहीसे वाकलेले दिसते आणि भोवती पेशींची पातळ साय असावी तसा थर असतो. असा केस दिसला की आम्ही तो ताबडतोब डीएनए विभागाकडे देत असू. याउलट आपोआप गळालेल्या केसाचे मूळ कोरडे, गुळगुळीत आणि गदेच्या टोकासारखे गोल असते. त्यावर पेशी जवळपास नसतात. निरोगी माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, म्हणून घटनास्थळी सापडणारे बहुतेक केस या दुसऱ्या प्रकारचे असतात.

म्हणजे ‘डीएनए प्राप्त झाला नाही’ या वाक्यातून आरोपीच्या विरुद्ध किंवा बाजूने काहीही निघत नाही. परंतु ताई, ते केस मृत व्यक्तीच्या मुठीत होते ना? झटापटीत उपटले गेले असतील, तर निदान काहींची मुळे ओढल्यासारखी दिसायला हवीत. अहवालात मुळाचे वर्णन आहे का, हे आधी पाहा. ते नसेल तर तेवढा एक प्रश्नच उलटतपासणीत फार मोलाचा ठरेल.

आता ‘साधर्म्य’. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही बाहेरच्या खवल्यांची ठेवण, मधल्या थरातील रंगकणांची घनता आणि मांडणी, मेड्युला, म्हणजे केसाच्या मध्यातील गाभा, सलग आहे की तुटक, केसाची जाडी, टोक कापलेले आहे की झिजलेले, रंग लावला आहे का, अशी लक्षणे पाहतो. केस माणसाचा की प्राण्याचा, हे यावरून खात्रीने सांगता येते. माणसाच्या केसात मेड्युलाची रुंदी साधारणपणे केसाच्या एक तृतीयांशाहून कमी असते, प्राण्यांत ती बहुधा अर्ध्याहून जास्त भरते. केस डोक्याचा की अंगावरचा, हेही बहुतेक वेळा कळते. मात्र तो कोणाचा, हे कळत नाही. एकाच डोक्यावरचे दोन केस एकमेकांपासून वेगळे दिसतात आणि दोन अनोळखी माणसांचे केस सारखे दिसू शकतात. म्हणूनच नमुना म्हणून एक-दोन केस घेऊन भागत नाही. डोक्याच्या निरनिराळ्या भागांतून मिळून किमान पंचवीस ते पन्नास केस घ्यावे लागतात. साधर्म्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच की, या माणसाला वगळता आले नाही.

उत्तर – बचावाचा_खडू

वरील उत्तरातील शेवटचे वाक्य प्रत्येक फौजदारी वकिलाने वहीत उतरवून ठेवावे. ते न पाळल्याने काय घडते, हे अमेरिकेने मोठी किंमत देऊन पाहिले. तेथील एफ.बी.आय. या केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी २००० सालापूर्वीच्या खटल्यांत केसांविषयी दिलेल्या साक्षींची फेरतपासणी झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष जाहीर झाले. ज्या २६८ खटल्यांत केसांची साक्ष आरोपीविरुद्ध वापरली गेली होती, त्यांतील २५७ मध्ये तज्ज्ञाने विज्ञानाला झेपेल त्यापेक्षा अधिक विधान केले होते. साक्ष देणाऱ्या २८ तज्ज्ञांपैकी २६ जणांच्या साक्षींत हा दोष निघाला. त्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेलेही होते आणि काहींची फाशी तोवर अमलात आलेली होती. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी तो अख्खा दिवस दुसरे काम करू शकलो नव्हतो.

वॉशिंग्टनमधील सँटे ट्रिबल याचे प्रकरण मुद्दाम वाचावे. १९७८ मध्ये एका टॅक्सीचालकाचा खून झाला आणि हल्लेखोराने तोंडावर ओढलेला पायमोजा जवळच सापडला. त्यातील एक केस ट्रिबलच्या केसांशी सर्व सूक्ष्म लक्षणांत जुळतो, अशी साक्ष झाली आणि सरकारी वकिलांनी ज्यूरीसमोर योगायोगाची शक्यता एक कोटीत एक इतकी फुगवून मांडली. २०१२ मध्ये त्या मोज्यातील तेरा केसांची मायटोकॉन्ड्रियल डीएनए चाचणी (मुळाशिवायच्या केसावरही होऊ शकणारी) झाली, तेव्हा त्यांतील एकही ट्रिबलचा नव्हता आणि एक तर कुत्र्याचा होता. तोवर त्या माणसाची दोन तपांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

आपल्याकडील निकालांपैकी दिल्लीच्या छावला प्रकरणातील (एका तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या) ७ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तुम्हाला थेट उपयोगी पडेल. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिलेल्या तिघांना तेथे निर्दोष सोडण्यात आले. मृतदेह तीन दिवस उघड्या शेतात पडून राहिल्यानंतर त्यावर आरोपीचा केस मिळाल्याचा दावा न्यायालयाला पटला नाही. १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ रोजी जप्त केलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलीस ठाण्याच्या मालखान्यातच होते, याकडेही न्यायालयाने बोट दाखवले. डीएनए अहवालाचा पाया काय आणि तंत्र नीट वापरले गेले का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. पुढे १५ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूच्या एका प्रकरणात न्यायालयाने डीएनएचे नमुने गोळा केल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावेत आणि ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले याची नोंदवही ठेवावी, असे निर्देश सर्व राज्यांसाठी दिले. तुमचा मुद्देमाल त्याआधीचा असेल, तरी प्रश्न तेच विचारायचे.

उत्तर – ठाणे_अंमलदार

मी तपासाच्या बाजूने लिहिते आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, तरीही ते वाचून केसाचा पुरावा म्हणजे निव्वळ धोका असे कोणाला वाटले, तर ते योग्य होणार नाही. डीएनएचा गुन्ह्याच्या तपासातील पहिला मोठा उपयोग एका निर्दोष मुलाला सोडवण्यासाठीच झाला होता. इंग्लंडमधील लेस्टरशायरमध्ये दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली सतरा वर्षांच्या मुलाने दिली होती. शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने १९८६ मध्ये तो मुलगा त्यातून मुक्त झाला आणि खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला १९८८ मध्ये शिक्षा झाली. वगळण्याचे हे सामर्थ्य केसांच्या चाचणीतही आहे आणि चुकीच्या माणसामागे धावण्यापासून ते आम्हालाही वाचवते.

केस प्राण्याचा असला तरी तो वाया जात नाही. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४ मध्ये झालेल्या एका खुनात रक्ताने माखलेल्या जाकिटावर पांढरे केस मिळाले. ते संशयिताच्या घरातील मांजराचे असल्याचे डीएनएवरून दिसले आणि हा पुरावा न्यायालयाने ग्राह्य धरला.

आमच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, पावसाने भिजलेल्या अंगणात पंचनामा चालू असतो. पंच घरी जाण्याच्या घाईत असतात आणि चिमट्याने उचललेला केस कागदाच्या पुडीत घालण्यापूर्वीच वाऱ्याने हलतो. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, अशी तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी आहे. ती सगळीकडे खरोखर अमलात येईल, तेव्हा हातमोजे न घालता पुरावा उचलण्याची वेळ कोणत्याही हवालदारावर येऊ नये, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्नकर्ती – नवी_सनद

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळी कागदपत्रे पुन्हा काढून बसले. सी.ए. रिपोर्टमध्ये मुळाविषयी एक अक्षरही नाही. पंचनाम्यात ‘मुठीतील दोन ते तीन केस पॉलिथिनच्या पिशवीत ठेवून सील केले’ असे लिहिले आहे, तर प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एका कागदी पाकिटात चार केस’ मिळाल्याची नोंद आहे. काचपट्टी सर, हा फरक किती गंभीर मानावा? आणि मुळाशिवायच्या केसावर आता दुसरी कोणती चाचणी करून घेता येईल का?

उत्तर – काचपट्टी

संख्येतील फरक आपोआप लबाडी ठरत नाही. एकमेकांना चिकटलेले केस साध्या डोळ्यांना एक दिसतात आणि टेबलावर सुटे केल्यावर दोन निघतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पंचनाम्यातले ‘दोन ते तीन’ हे शब्द मात्र अक्षम्य आहेत, कारण केस मोजायला एक मिनिट पुरते. पॉलिथिनच्या पिशवीचे कागदी पाकीट कसे झाले, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. मधे कोणीतरी सील उघडले असल्याशिवाय ते घडत नाही. मुद्देमाल कारकुनाची नोंदवही, प्रयोगशाळेची पोच आणि नमुना सीलची प्रत शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पॉलिथिनबद्दल आणखी सांगायचे तर ओलसर केस त्यात कोंडले की बुरशी धरते, आणि मुळाशी थोडाफार डीएनए असलाच तर तोही त्यात जातो.

चाचणीबद्दल सांगतो. दांड्यात केंद्रकीय डीएनए फारसा उरत नसला, तरी तंतुकणिकांमधील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियल, डीएनए टिकून राहतो, कारण त्याच्या एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात. ही सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, पण न्यायालयाकडे तशी मागणी करता येते. ट्रिबलला सोडवले ते याच चाचणीने. तिची मर्यादाही ध्यानात असू द्या. हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून सख्खी भावंडे, आई आणि मावशी यांचा तो सहसा एकच असतो. वगळण्यासाठी ही चाचणी भक्कम आहे, एकाच माणसाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसलेल्या ८० केसांपैकी ९ केस या चाचणीने वेगळ्याच व्यक्तींचे ठरले होते. ते केस अनुभवी तज्ज्ञांनी पाहिलेले होते, हे विसरू नका. चाचणीत केस खर्ची पडतो, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी मूळ काचपट्ट्या जपून आहेत का आणि तज्ज्ञाने टेबलावर केलेल्या हस्तलिखित नोंदी व छायाचित्रे मिळतात का, हे पाहा.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच उत्तरात विचारायला हवी होती. मृत व्यक्तीच्या मुठीत सापडणारे केस पुष्कळदा तिचे स्वतःचेच असतात. वेदनेने किंवा झटापटीत माणूस स्वतःचे केस धरतो, जमिनीवर पडलेले केसही मुठीत येतात. म्हणून आधी मृताच्या केसांशी तुलना करायची आणि ते वगळल्यावरच आरोपीच्या केसांकडे वळायचे, हा आमचा क्रम असे. शवविच्छेदनाच्या वेळी मृताच्या डोक्याचे केस नमुना म्हणून राखले होते का? आणि राखले असतील, तर ते प्रयोगशाळेत पोहोचले का?

प्रश्नकर्ती – नवी_सनद

सर, आत्ताच पाहिले. शवविच्छेदन अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘डोक्याचे केस, एक सीलबंद पाकीट, पोलिसांच्या ताब्यात दिले’ अशी डॉक्टरांची नोंद आहे. प्रयोगशाळेला पाठवलेल्या मुद्देमालाच्या यादीत अकरा वस्तू आहेत. ती यादी मी तीनदा वाचली. ते पाकीट तिच्यात नाही.